पाहुण्यांचा पाटा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. उज्जैनच्या माधव नगरातल्या काकूंचे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. आगर रस्त्यावरच्या आमच्या लहानशा गावातल्या सरकारी शाळेत त्या काही वर्षं बदलीवर विज्ञान शिकवायला होत्या आणि माझे वडील त्याच शाळेत शिपाई होते. माझा बोर्डाचा निकाल लागला त्या दिवशी काकूंनी वडिलांना स्टाफरूममध्ये बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या खोलीत वडील रोज खुर्च्या पुसत, पण बसले नव्हते कधी. काकू म्हणाल्या, याला उज्जैनला पाठवा, माझ्या घरी राहील, आमची मागची खोली रिकामीच असते. वडील घरी येऊन आईला एवढंच म्हणाले की मॅडमनी मागितला आहे, तर नाही कसं म्हणायचं.

त्या मागच्या खोलीत राहून मी इंजिनीअर झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. आज मी नाशिकच्या एका तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवतो, आणि वर्गात उभा राहिलो की हात पाठीमागे बांधण्याची सवयसुद्धा मला काकूंचीच लागलेली आहे.

गेल्या हिवाळ्यात सुट्टी घेऊन मी उज्जैनला गेलो होतो, ते काकांना भेटायला. काकूंचे यजमान बँकेतून निवृत्त झालेले, गप्पिष्ट, पाहुणा दारात दिसला की त्याला गाव दाखवायला चपला शोधायला लागणारे. वर्षापूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड झालं. एक वाक्य बोलायला ते इतका वेळ घेत की समोरचा माणूस अधीर होऊन आपणच ते पुरं करायचा, आणि काकांना त्याचाच सगळ्यात जास्त राग यायचा.

घरात ते चाकांच्या खुर्चीत असत. खुर्चीतून पलंगावर जायची त्यांनी एक रीत बसवली होती. मधे एक गुळगुळीत फळी टाकायची आणि उजव्या हाताच्या जोरावर तीवरून सरकायचं. फळीला उतार असेल तर छान, सपाट असेल तरी चालायचं. चढ मात्र जमत नसे. आणि उचलून घ्यायला त्यांची साफ ना होती. इस्पितळातून आणताना दोघांनी त्यांना उचललं होतं, तेव्हा एकानं नकळत "हां, पोतं इकडे घे" अशा सुरात काहीतरी म्हटलं होतं. तेव्हापासून कोणी काखेत हात घातला की काका अंग ताठ करत.

त्यामुळे वर्षभर काका घराबाहेर पडले नव्हते. घराच्या पोर्चमध्ये त्यांची गाडी उभी होती. त्यांच्या वडिलांनी सन साठच्या आसपास घेतलेली, काळी, गोल पाठीची, आमच्या कॉलेजची मुलं जिला मगर म्हणायची ती. काका तिला अजून "नवी गाडी" म्हणत, कारण तिच्याआधी घरात टांगा होता. काकू ती चालवत. पन्नाशीला आल्यावर काकांनीच त्यांना शिकवली होती, भरपूर ओरडून. पण काकांना तीत बसता येत नव्हतं. गाडीची सीट त्यांच्या खुर्चीपेक्षा बरीच उंच होती. फळी लावली की चढ व्हायचा. दोनदा प्रयत्न झाला. दुसऱ्यांदा अर्ध्या फळीवरून ते मागे घसरले, आणि त्यानंतर त्यांनी पोर्चकडचं दार लावून घ्यायला सांगितलं.

मी गेलो त्या दिवशी चहा देता देता काकूंनी मला एक प्रश्न विचारला. त्या प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर त्यांना माहीत असतं, एवढं मला शाळेपासून ठाऊक आहे.

"गाडी इतकी उंच होती का रे आधी?"

मी म्हटलं, मला तरी अशीच आठवते.

"तुला आठवते तशी. मी लग्न होऊन आले तेव्हा या गाडीत मी पाय न उचलता बसले होते. जरीचं लुगडं, हातात कलश, आणि नुसतं वळून बसले. आज मला साडी धरून चढावं लागतं. मी तर काही खुजी झालेली नाही."

मग त्यांनी कपाटातून गाडीबरोबर आलेलं कारखान्याचं पुस्तक काढलं. त्यात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा किती उंचीवर उभी होती ते दिलेलं होतं. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर, मडगार्डच्या काठापर्यंत. पुढचं माप वेगळं, मागचं वेगळं. काकूंचं म्हणणं साधं होतं. गाडी पुन्हा कारखान्याच्या उंचीवर आणली तर सीट खुर्चीच्या बरोबरीला येते की नाही, हे अंदाजानं बोलण्यात अर्थ नाही. आधी मोजू.

मी यंत्रशास्त्र शिकवतो, पण अशी मोजणी मी आधी कधी केली नव्हती. पुस्तकात अटी बऱ्याच होत्या. टाकी भरलेली हवी. टायरांत सांगितलेली हवा. आत माणूस नको, सामान नको, स्टेपनी आणि जॅक मात्र जागच्या जागी. मग गाडीचं पुढचं नाक आणि मागची पाठ हातानं दाबून हलवायची, थोडी पुढे ढकलायची, आणि तिची तिला बसू द्यायची. हात लावून बसवायची नाही. काकूंनी हे सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मधे मधे थांबून, जसं काही मी अजून त्यांच्या वर्गात आहे.

सामान नको ही अट सगळ्यात अवघड निघाली. त्या घरात गाडी रिकामी कधीच नसे. डिकीतून सतरंजी निघाली, स्टोव्ह, दोरखंड, पाण्याचे डबे, घडीची खुर्ची, ताटल्यांचा संच. वाटेत पंगत बसवायची वेळ आली तरी अडू नये अशी तयारी. काका खिडकीतून बघत होते. एकेक वस्तू निघाली की त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर हलायचा.

मोजायला काकूंनी देवास गेटजवळच्या एका मिस्त्रींना बोलावलं. वर्षानुवर्षं ही गाडी तेच बघत. काकांच्या वयाचे, बोलण्यात तिखट, कोणाला न भिणारे. पोर्चमध्ये आले, काकूंच्या हातात टेप आणि कानामागे पेन्सिल बघून म्हणाले, "मैडम, आप तो गाड़ी का भी पेपर ले रही हो."

"हो, आणि तुम्ही कॉपी करू देऊ नका," काकू म्हणाल्या.

आम्ही मोजलं. मागची बाजू फारच उंच, हे डोळ्यांनाही दिसत होतं. पुढची दोन्ही चाकंही मापापेक्षा वर होती. पण गंमत अशी की पुढचं उजवं चाक डाव्यापेक्षा अंगठ्याभर जास्त निघालं. मिस्त्री खाली वाकले, उठले आणि निकाल देऊन मोकळे झाले. या गाडीला पुढे स्प्रिंग नाही. पोटाखालून दोन्ही बाजूंना एकेक लांब लोखंडी दांडी जाते आणि तिच्या पिळावर गाडीचं तोंड तोललेलं असतं. पीळ वाढवला की तोंड वर, सैल केला की खाली. उजव्या दांडीत पीळ ज्यादा बसला आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. मलाही ते पटलं. ते पाना घेऊन गाडीखाली सरकले.

काकूंनी त्यांना बाहेर यायला सांगितलं. म्हणाल्या, आधी गाडी फिरवा.

"फिरवा म्हणजे?"

"तोंड आहे तिथे पाठ आणा. मग परत मोजू."

शाळेत तराजू शिकवताना काकू नेहमी वस्तू या पारड्यात तोलून झाली की त्या पारड्यात घालायला लावत. दोन्हीकडे तेच वजन आलं तरच त्या वहीत लिहू देत. मी ते पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पुढे विद्यार्थ्यांनाही सांगत आलो. पण पोर्चमध्ये उभ्या असलेल्या टनभर वजनाच्या गाडीला तेच लावायचं, हे मला सुचलं नाही. मिस्त्री कुरकुरले, तरी आम्ही तिघांनी मिळून गाडी रस्त्यावर काढली आणि उलटी करून आत घातली.

आता पुढची दोन्ही चाकं अगदी सारखी आली. आणि मागचं डावं चाक, जे आता आधीच्या पुढच्या उजव्या चाकाच्या कोपऱ्यात होतं, ते एकदम उंच दाखवू लागलं.

"गाडीतला दोष गाडीबरोबर फिरला असता," काकू म्हणाल्या. "हा जागेवर राहिला. हा फरशीचा आहे."

मिस्त्री पाण्याची बाटली घेऊन आले. मग त्यांनी बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलं. पाणी वळत वळत त्या कोपऱ्यात गेलं आणि चाकाखाली जमा झालं. तिथे फरशी खोलगट होती, आणि त्या खोलगटात लटकलेलं चाक आपलं मडगार्डपासूनचं अंतर वाढवून दाखवत होतं. आतून खिडकीशी आवाज झाला. काका हसत होते. झटक्यानंतर मी प्रथमच ऐकलेलं हसू. तो कोपरा त्यांनीच गवंड्याकडून खोल करून घेतला होता, रोज गाडी धुतल्यावर पाणी पपईच्या झाडाकडे जावं म्हणून. ते शब्द गोळा करत म्हणाले, "पपई... गोड... लागायची ना?"

"लागायची," काकू म्हणाल्या. "आणि आता तिच्यापायी तुमच्या गाडीचा पाय मोडणार होता."

सपाट जागा कुठे मिळेल यावर थोडी चर्चा झाली. रस्ता दोन्ही कडांना उतरता, गॅरेजची जमीन खड्ड्यांची. काकूंना आमच्या मराठी मंडळींच्या कार्यालयाचं आवार आठवलं. तिथली फरशी पंगतीसाठी घातलेली आहे. घालताना म्हाताऱ्या मंडळींनी गवंड्याला सळो की पळो करून सोडलं होतं, कारण आधीच्या फरशीवर आमटी वाढली की पानातून शेजाऱ्याकडे जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी तिथे नेली. वाटेत टाकी भरली, हवा मोजून घेतली. कार्यालयात त्या दिवशी कोणाचं लग्न नव्हतं. काळी गाडी त्या रिकाम्या आवारात मधोमध उभी केली तेव्हा ती पंगतीची वाट बघत एकट्याच बसलेल्या भटजींसारखी दिसत होती.

नाक हलवलं, पाठ हलवली, थोडी ढकलली आणि दूर उभे राहिलो. गाडी हळूच दोनदा डुलली आणि बसली. मग काकू स्वतः गुडघे टेकून प्रत्येक चाकापाशी गेल्या. मी म्हटलं मी मोजतो, तर म्हणाल्या, तू लिही. त्यांच्या मोजण्यात एक संथपणा होता. टेपची पट्टी आधी पदरानं पुसायची, टोक धरायचं, डोळा मापाच्या बरोबर समोर आणायचा, आकडा म्हणायचा, मग टेप पूर्ण काढून पुन्हा लावायचा आणि पुन्हा म्हणायचा. सत्तरी ओलांडलेली बाई थंड फरशीवर गुडघ्यांवर बसून हे करत होती. मला तेव्हा असं वाटलं की कुणाची काळजी घेण्याचं याहून चांगलं रूप मी पाहिलेलं नाही. त्यांना मी तसं म्हटलं असतं तर त्यांनी आकडा नीट लिहिलास का, असंच विचारलं असतं.

आता मापं सरळ होती. डावं-उजवं सारखं. पुढची बाजू कारखान्याच्या मापापेक्षा दोन बोटं वर आणि मागची बाजू चांगली मूठभर वर. मिस्त्री मागच्या चाकापाशी वाकले आणि त्यांनी कारण दाखवलं. मागे स्प्रिंग म्हणून लोखंडी पाटे एकावर एक बांधलेले असतात. कारखान्यानं दिलेल्यांपेक्षा दोन्ही बाजूंना एकेक पाटा जास्त होता. तो त्यांनीच घातला होता. मागची पाठ उचलल्यावर गाडी नाकावर चालल्यासारखी दिसायला लागली, म्हणून मग पुढच्या दांड्यांचा पीळ वाढवला, तोही त्यांनीच.

तो पाटा बसवला त्या वर्षी मी मागच्या खोलीत राहत होतो. सिंहस्थ होता. पुण्याहून, साताऱ्याहून, नागपूरहून काका-काकूंचे नातेवाईक, नातेवाइकांचे शेजारी, शेजाऱ्यांच्या विहिणी असे सगळे स्नानाला येत होते, आणि काकांनी एकालाही टांग्यानं येऊ दिलं नाही. आगगाडी यायच्या आधी ते स्टेशनवर हजर. मागच्या सीटवर दाटीवाटीनं माणसं, मांडीवर मुलं, डिकीत वळकट्या. गाडीची पाठ रस्त्याला घासायला लागली तेव्हा काकांनी जादा पाटा घालून घेतला. घरात त्याला पाहुण्यांचा पाटा म्हणत. स्नानं संपली, माणसं गेली, पाटा राहिला. पुढच्या सिंहस्थातही तो कामाला आला.

मिस्त्रींचं म्हणणं होतं की यात विचारायचं काय. "पाटा निकाल देते हैं चुपचाप. साहब को कौन सा नीचे झाँक के देखना है."

काकूंनी टेप गुंडाळून पिशवीत ठेवला. म्हणाल्या, गाडी त्यांची आहे. ते म्हणतील तर निघेल.

घरी येऊन काकूंनी काकांना सगळं सांगितलं, मापांसकट. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली. नाही. काकूंनी कारण विचारलं नाही. आम्ही जेवलो. मी मनात हिशेब करत होतो की पाटा न काढता नुसता पुढचा पीळ सैल केला तर काय होईल, पण त्यानं काही साधत नव्हतं. डिकीत वजन टाकून गाडी दाबावी तर दर चढण्या-उतरण्याला ते टाकावं-काढावं लागणार. मला दुसरी वाट दिसत नव्हती, आणि परतीचं तिकीट जवळ आलं होतं. काका बसले नाहीत तर ते त्या दाराआडच राहणार होते, हे काकूंनाही दिसत होतं, काकांनाही.

दुपारी मी पुस्तक वाचत ओसरीत बसलो होतो. आत ते दोघं बोलत होते. काकू त्यांचं वाक्य कधीही पुरं करत नसत. काका बोलायला लागले की त्या हातातलं काम थांबवून बसून राहत, कितीही वेळ लागो.

काकांनी विचारलं, "आणि... कोणी... आलं तर?"

"आलं तर मी दोन खेपा करीन," काकू म्हणाल्या.

नंतर काकांचा आवाज आला, "तुला... रिव्हर्स... नीट... येत नाही."

"म्हणून तर तुम्ही शेजारी बसायला हवेत."

चार वाजता काकूंनी मिस्त्रींना फोन केला.

पाटे काढायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या दांड्यांना. पीळ थोडा सैल करायचा, गाडी एक फेरी फिरवून आणायची, पंगतीच्या फरशीवर उभी करायची, हलवायची, बसू द्यायची, मोजायचं, परत गॅरेज. मिस्त्री दर खेपेला म्हणत, हो गया मैडम, अब तो पास कर दो, आणि काकू म्हणत, अजून थोडं. शेवटी चारी आकडे पुस्तकाशी जुळले तेव्हा मिस्त्रींनी स्वतःच टेप मागून घेतला आणि पुन्हा एकदा मोजून बघितलं. उठून हात पुसत म्हणाले, "इतनी नीची तो मैंने इसको जवानी में भी नी देखी."

संध्याकाळी गाडी पोर्चबाहेर रस्त्यावर लावली. खुर्ची डाव्या दाराला समांतर आणली, सीट काकांच्या उजव्या हाताला. काकूंनी फळी टाकली. फळी सपाट बसली. अगदी सपाट नव्हती, गाडीकडे किंचित उतरतच होती, कारण जुनी सीटही दबलेली होती. मी आणि मिस्त्री पुढे झालो तर काकूंनी हातानं आम्हाला मागे सारलं. काकांनी आतली पकड उजव्या हातात घेतली, एकदा श्वास घेतला आणि सरकले. मग डावा पाय दोन्ही हातांत घ्यायला गेले, एकच हात आला. काकूंनी वाकून तो पाय आत ठेवला आणि त्यांच्या धोतराचा काठ दारात येणार नाही असा सारखा केला.

दार लागल्यावर काका समोर बघत बसले. काकू गाडी सुरू करून निघाल्या तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. टावर चौकात वाफवलेल्या साबुदाण्याच्या खिचडीच्या दुकानासमोर त्यांनी गाडी लावली. दुकानदारानं काचेतून आत बघितलं, काकांना ओळखलं आणि हातातला पळा तसाच धरून गाडीपाशी आला. "अरे बाबूजी, आप कहाँ थे?" काका उत्तर जुळवायला लागले. तो दुकानदार, मागे गिऱ्हाईकं उभी असताना, ऐकत उभा राहिला.

नाशिकला परतल्यावर मी काकूंना हे पत्र पाठवलं. फोनवर बोलता आलं असतं, पण काकूंसमोर मला लिहिताना जे जमतं ते बोलताना कधी जमलेलं नाही.

काकू, तुम्हाला आणि काकांना नमस्कार.

सुखरूप पोचलो. मुलं बरी आहेत, परीक्षा सुरू झाल्या आहेत.

गाडीबद्दल आधी लिहितो. पाटे नव्यानं बांधले आहेत, त्यामुळे त्यांचे नट महिन्याभरात एकदा आवळून घ्या. मिस्त्री जाऊ द्या म्हणतील, ऐकू नका. टायरांतली हवा कमी होऊ देऊ नका, सीट त्यानंही खाली जाते आणि मग काकांना परत घरी खुर्चीत यायला चढ होईल. जाताना जमलं म्हणून येताना जमेलच असं नाही, हे त्या दिवशी आपण मोजलं नव्हतं. मला ते गाडीत बसल्यावर सुचलं. सुदैवानं फरक थोडा होता आणि काकांच्या हातात जोर होता.

माझ्या वर्गात मी या आठवड्यात मुलांना उपकरण फिरवून पुन्हा मोजायला लावलं. कुरकुरली. मी सांगितलं की माझ्या बाईंनी आख्खी गाडी फिरवली होती. त्यांना खरं वाटलं नाही.

तुम्ही माझ्या बाबांना खुर्चीवर बसवलं होतं, ते त्यांनी शेवटपर्यंत लोकांना सांगितलं. मी ते कधी तुमच्याजवळ बोललो नाही. तुम्ही माणसांना कसं बसवता ते मी आता दोनदा पाहिलं.

एक शेवटचं. काका रोज त्याच बाजूला बसतील, तर वर्ष-दोन वर्षांत गाडी डावीकडे जराशी कलेल. तुम्ही मोजाल आणि तुम्हाला ते लगेच दिसेल. आमच्या पुस्तकात तो दोष म्हणून शिकवतात. तेवढा एक दुरुस्त करू नका.

तुमचा,
मागच्या खोलीतला